नाटकाचे प्रकार: सोलापुरातल्या नाटकवाल्यांचे वारंवार येणारे प्रश्न

पाऊस ओसरला की सोलापुरात तालमी सुरू होतात आणि आमच्याकडे फोन यायला लागतात. संहिता हातात असते, दिग्दर्शक ठरलेला असतो, हॉलचं भाडं कोणी भरायचं यावर एक भांडणही होऊन गेलेलं असतं. फक्त नाटक कुठल्या प्रकारचं, इथे गाडी अडते. गेल्या काही हंगामांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते इथे एकत्र केले आहेत. साधे आधी, डोकं खाणारे नंतर. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नाटकाचा 'प्रकार' म्हणजे नेमकं काय? जो तो वेगळंच सांगतो.

कारण जो तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत असतो. 'ऐतिहासिक' म्हटलं की आपण विषय सांगतो. 'संगीत' किंवा 'लोकनाट्य' म्हटलं की घाट, म्हणजे नाटकाची बांधणी सांगतो. 'शोकांतिका', 'फार्स' हे शब्द प्रेक्षकाचं काय होणार आहे ते सांगतात. 'एकांकिका', 'दोन अंकी' ही निव्वळ लांबी झाली. 'हौशी' आणि 'व्यावसायिक' हे शब्द तर नाटकाबद्दल बोलतच नाहीत, ते नाटक करणाऱ्यांबद्दल बोलतात.

गडकऱ्यांचं 'एकच प्याला' (१९१९) घ्या. विषयाने सामाजिक, घाटाने संगीत, परिणामाने शोकांतिका आणि लांबीने पाच अंकी. चारही उत्तरं एकाच वेळी खरी आहेत. 'ते संगीत आहे की सामाजिक?' हा वाद म्हणजे 'ही चादर लाल आहे की सुती?' असं विचारण्यासारखं आहे. कुणी प्रकार विचारला की आधी त्याला विषय हवाय, घाट हवाय की परिणाम, एवढं विचारून घ्या. निम्मे वाद तिथेच मिटतात.

२. अर्जावर 'प्रकार' असा एकच रकाना असतो. त्यात काय भरायचं?

अर्ज कुणाचा आहे त्यावर आहे. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे आणि तिच्यात हौशी मराठी, संगीत, हिंदी, संस्कृत, बालनाट्य अशा वेगवेगळ्या स्पर्धा असतात. तिथे तुम्ही कुठल्या स्पर्धेत उतरताय एवढंच हवं असतं. नाटक शोकांतिका आहे का, याच्याशी त्या रकान्याला देणंघेणं नाही.

जाहिरात किंवा तिकिटासाठी असेल तर लांबी आणि परिणाम हे दोन शब्द पुरतात. 'दोन अंकी विनोदी नाटक' लिहिलं की विषय संपला. 'हृदयस्पर्शी कौटुंबिक विनोदी थरारनाट्य' असा एक मसुदा आमच्यासमोर आला होता. तो वाचून तिकीट काढावं की डॉक्टर गाठावा, कळेना.

३. विनोदी नाटक आणि फार्स एकच ना?

प्रत्येक फार्स विनोदी असतो, पण उलटं खरं नाही. विनोदी नाटकात हसू माणसाच्या स्वभावातून येतं. फार्समध्ये ते अडचणीतून आणि वेगातून येतं. फार्सचं यंत्र साधं असतं. एक खोटं बोललं जातं, ते झाकायला दुसरं, मग तिसरं, आणि नेमकं ज्याने यायला नको तोच दारात उभा. म्हणून फार्सच्या नेपथ्यात आधी दारं मोजा. दोनच दारं असतील तर दिग्दर्शकाची पंचाईत होणार. बबन प्रभूंचे 'झोपी गेलेला जागा झाला' आणि 'दिनूच्या सासूबाई राधाबाई' हे फार्स कसे चालतात ते पाहायचं असेल तर संवाद बाजूला ठेवा आणि पात्रांच्या एन्ट्री-एक्झिट कागदावर मांडून बघा. रेल्वेचं वेळापत्रकच दिसेल.

देवलांचं 'संशयकल्लोळ' मधोमध बसतं. तसबीर सापडते, भलत्याच्या हातात पडते, गैरसमजावर गैरसमज चढतो. ही रचना फार्सची. पण फाल्गुनराव तसबीर नसती तरी संशय घेणारच होता. हा स्वभाव आहे, म्हणून ते नुसता फार्स उरत नाही.

तालमीत एक कसोटी वापरा. गती निम्म्यावर आणून एक प्रवेश करा. तरीही हसू आलं तर विनोदी. सगळं कोसळलं तर फार्स, आणि मग गती परत वाढवा.

४. शेवटी कुणी मेलं म्हणजे शोकांतिका का?

नाही. हा गैरसमज सगळ्यात चिवट आहे. सतीश आळेकरांच्या 'महानिर्वाण'मध्ये (१९७४) माणूस सुरुवातीलाच मरतो, आणि मेलेले भाऊराव स्वतःच कीर्तन लावतात. तिथे मृत्यू आहे, अंत्यविधीची तयारी आहे, आणि प्रेक्षक हसतोय.

शोकांतिकेला मृत्यूपेक्षा एक वेगळी गोष्ट लागते. माणूस चांगला असावा, आणि त्याचा नाश त्याच्याच एखाद्या गुणाच्या अतिरेकातून किंवा चुकीतून व्हावा. ॲरिस्टॉटलने हे दोन हजार वर्षांपूर्वी मांडलं, पण त्यासाठी ग्रीसला जायची गरज नाही. 'एकच प्याला'तला सुधाकर बघा. हुशार वकील, बायकोवर प्रेम करणारा, मानी. मानीपणामुळेच कोर्टात खटका उडतो, वकिलीची सनद जाते, आणि तो अपमान गिळता येत नाही म्हणून तळीराम पुढे करतो तो पेला हातात येतो. दारू ही निमित्त आहे. सुधाकर थोडा लाचार असता तर वाचला असता. ही जाणीव प्रेक्षकाला खुर्चीत बसवून ठेवते.

'नटसम्राट' (१९७०) मध्येही आप्पासाहेब बेलवलकरांना कोणी लुटत नाही, सगळं तेच वाटून टाकतात. सुरुवातीच्या त्या वाटणीच्या वेळी प्रेक्षागृहातून एखादी म्हातारी हळूच 'देऊ नको रे' म्हणते, असं आम्ही ऐकलंय.

५. मग मेलोड्रामा म्हणजे वाईट शोकांतिका?

वाईट नाही, वेगळी. मेलोड्रामात संकट बाहेरून येतं. सावकार, सवत, आजार, पूर, काहीही. सज्जन सज्जनच राहतो आणि दुष्ट दुष्ट. आमच्याकडे हा शब्द शिवीसारखा वापरतात, तो अन्याय आहे. नीट बांधलेला मेलोड्रामा तीन तास प्रेक्षक धरून ठेवतो, आणि ते येरागबाळ्याचं काम नाही.

६. नाटकात चार गाणी आहेत. संगीत नाटक म्हणायचं का?

गाणी काढून बघा. नाटक उभं राहिलं तर ते गाणी असलेलं नाटक. कोसळलं, तर संगीत नाटक.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं तेव्हापासून संगीत नाटकात पद हे पात्राचं बोलणंच असतं. भांडण, रुसवा, कबुली, सगळं पदातून. पुढच्या काळात नटाचं गाणं इतकं वाढलं की 'वन्स मोअर' घेता घेता रात्र सरायची आणि कथानक पाणी प्यायला बाहेर गेलेलं असायचं. १९६७ साली आलेल्या 'कट्यार काळजात घुसली'मध्ये गाणं हाच भांडणाचा विषय झाला, त्यामुळे पदं काढायची सोयच राहिली नाही. त्या नाटकातल्या झरीनाच्या भूमिकेने गाजलेल्या फैय्याज आपल्या सोलापूरच्या.

एक सूचना. ट्रॅकवर गाणं लावून नट ओठ हलवत असतील तर संगीत नाटकाच्या स्पर्धेचा अर्ज भरू नका.

७. पौराणिक, ऐतिहासिक, सामाजिक हे तर स्पष्ट आहे. यात काय अडचण?

वरवर स्पष्ट आहे. कथा रामायण-महाभारतातली असेल तर पौराणिक, इतिहासातली असेल तर ऐतिहासिक, आजच्या घरातली असेल तर सामाजिक. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं ते पौराणिक, यात वाद नाही.

अडचण पोशाखामुळे येते. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त (१९०७) पात्रं महाभारतातली होती, पण कीचकात लॉर्ड कर्झन दिसतोय हे प्रेक्षकाला कळत होतं आणि सरकारलाही. १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. पौराणिक कपड्यातलं राजकीय नाटक होतं ते. 'घाशीराम कोतवाल'मध्ये (१९७२) नाना फडणवीस आहेत, पेशवाईचं पुणं आहे, तरी तेंडुलकरांना ते ऐतिहासिक नाटक म्हणून अभिप्रेत नव्हतं. सत्ता माणसं कशी घडवते आणि काम झालं की कशी फेकते, हे सांगायला त्यांनी इतिहास वापरला. त्याचा घाट तर लोककलांचा, त्यामुळे संगीत हा शब्दही त्याला लावता येतो. दिग्दर्शक जब्बार पटेल यांचं शालेय शिक्षण सोलापुरातलं, हे आम्ही जमेल तिथे सांगतोच.

म्हणून फेटा दिसला की 'ऐतिहासिक' लिहू नका. नाटक त्या काळाबद्दल बोलतंय की त्या काळाच्या आडून आजच्याबद्दल, ते आधी ठरवा.

८. तमाशा, लोकनाट्य, वग, संगीत बारी. आम्ही सगळ्याला तमाशाच म्हणतो. चुकतंय का?

चुकतंय, आणि सोलापूरकराने तरी चुकू नये. शाहीर राम जोशी याच गावचे.

ढोलकी फडाचा तमाशा हा पूर्ण खेळ असतो. आधी गण, म्हणजे गणपतीला वंदन, मग गवळण. गवळणीत कृष्ण, पेंद्या आणि गवळणींसोबतची ती मावशी, बहुतेक वेळा पुरुषाने केलेली. त्यानंतर बतावणी, म्हणजे विनोदी संवाद, मग लावण्यांची रंगबाजी आणि शेवटी वग. वग म्हणजे तमाशातला नाट्याचा भाग, ज्यात राजा, प्रधान, कोतवाल, चोर असं कथानक असतं आणि सोंगाड्या त्याची खिल्ली उडवत फिरतो. तेव्हा वग हा तमाशाचा एक तुकडा आहे, तमाशाचं दुसरं नाव नव्हे.

संगीत बारीत वग नसतो. तिथे लावणी, अदाकारी आणि समोर बसलेला रसिक. मोडनिंबची कलाकेंद्रं या परंपरेतली. तिथल्या कलावंतिणीला 'तुमचं नाटक कधी आहे?' असं विचारलं तर ती हसेल.

लोकनाट्य हा शब्द नंतरचा. तमाशाचा घाट घेऊन लिहिलेल्या, बांधलेल्या नाटकाला तो लावतात. अण्णाभाऊ साठ्यांनी या घाटात कामगारांचे प्रश्न आणले आणि गणातल्या गणपतीच्या जागी मायभूमीला वंदन केलं. वसंत सबनीसांचं 'विच्छा माझी पुरी करा' मुळात 'छपरी पलंगाचा वग'. सबनीसांचा जन्मही सोलापूरचा. त्या नाटकाला तमाशा म्हणणं अपमान नाही, पण अचूकही नाही. त्याला तिकीट होतं, संहिता होती, आणि फडाच्या तमाशासारखं रात्रभर ते चालत नव्हतं.

९. भारूड, गोंधळ, कीर्तन यांना नाटक म्हणता येईल?

त्यांत नाट्य भरपूर आहे, पण ती विधी आणि भक्तीची अंगं आहेत. पंढरपूरच्या वाळवंटातलं भारूड किंवा तुळजापूरच्या देवीचा गोंधळ हा प्रयोग म्हणून उभा राहिलेला नाही. नाटककार मात्र त्यांचा घाट उसना घेतात, 'महानिर्वाण'ने कीर्तन घेतलं तसा. मग ते नाटक होतं.

१०. हौशी नाटक म्हणजेच प्रायोगिक का?

नाही. हौशी म्हणजे पोटापाण्याचा उद्योग दुसरा आणि नाटक संध्याकाळी. प्रायोगिक म्हणजे नाटकाच्या मांडणीत काही करून बघणं. सोलापुरात दर हंगामात हौशी मंडळी अगदी सरधोपट कौटुंबिक नाटकं करतात, आणि त्यात काही कमीपणा नाही. उलट पूर्ण व्यावसायिक संचाने प्रायोगिक नाटक केल्याचीही उदाहरणं आहेत. रंगमंचावर एकच खुर्ची आहे म्हणून नाटक प्रायोगिक होत नाही. कधी कधी नेपथ्याला पैसे नसतात, इतकंच.

११. ॲब्सर्ड म्हणजे न कळणारं नाटक ना? आणि ब्लॅक कॉमेडी?

न कळणं ही कधी नाटककाराची चूक असते, कधी दिग्दर्शकाची. तिला ॲब्सर्ड म्हणून सोडून देऊ नका. ॲब्सर्ड किंवा असंगत नाटकात जगण्याला अर्थ लागत नाही हेच रचनेतून दाखवतात. बेकेटच्या 'वेटिंग फॉर गोदो'त दोघे वाट बघतात आणि ज्याची बघतात तो येत नाही. गोष्ट पुढे सरकत नाही, आणि ते मुद्दाम आहे.

ब्लॅक कॉमेडीत गोष्ट नीट कळते. फक्त जिथे हसू नये तिथे ती हसवते. आम्ही एकदा अशी एक एकांकिका केली. तिरडी बांधून तयार आणि भावाभावांत खोलीच्या वाटणीवरून जुंपलेली. तालमीत दिग्दर्शक वैतागून म्हणाला, "रडवालास का हसवालास बे? एक काय ते ठरव की!" ठरवायचं नव्हतंच, दोन्ही एकदम हवं होतं. पण जाहिरातीत आम्ही 'धमाल विनोदी' छापलं. दुसऱ्या रांगेत एक कुटुंब होतं, त्यांच्या घरी महिन्यापूर्वीच दुःख झालेलं. दहाव्या मिनिटाला सगळे उठून गेले. चूक आमची होती. तेव्हापासून असं नाटक असलं की आम्ही 'काळा विनोद' स्पष्ट लिहितो. तिकिटं कमी जातात.

१२. एकांकिका, दीर्घांक, नाट्यछटा, एकपात्री यांत फरक कसा करायचा?

एकांकिका म्हणजे एका अंकात संपणारं नाटक. एक पेच, एक स्फोट. तीन अंकी नाटक कापून केलेली एकांकिका लगेच ओळखू येते, कारण तिच्यात पात्रांची ओळख करून देण्यातच अर्धा वेळ जातो. दीर्घांक तासाच्या पलीकडे जातो, पण मध्यंतर घेत नाही. नाट्यछटा दिवाकरांनी रुजवली. एकच माणूस बोलतो, समोरचा आपल्याला दिसत नाही, पण त्याचं बोलणं आपण ओळखतो. दोन-चार मिनिटांचा खेळ.

एकपात्री म्हणजे एकच नट, पात्रं कितीही. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये बावन्न पात्रं एकटे करायचे. त्यामुळे 'एकपात्री' हा शब्द तसा फसवाच आहे, 'एकनटी' म्हणायला हवं होतं. आता कोण बदलणार!

१३. रस्त्यावर केलं की पथनाट्य?

रस्त्यावर सुचलं, रस्त्यासाठी लिहिलं तर. सभागृहातलं नाटक उचलून चौकात आणलं की वाऱ्यात संवाद उडून जातो. पथनाट्याला घोळका जमवावा लागतो, म्हणून आधी ढोलकी किंवा घोषणा. लोक चारी बाजूंनी बघतात, त्यामुळे पाठ कुणाकडे तरी होणारच. सरकारी योजनेचा फलक धरून चौघे उभे राहिले तर ती जनजागृती झाली. ती करा जरूर, पण पथनाट्यकार सफदर हाश्मींवर १९८९ मध्ये पथनाट्य करताना प्राणघातक हल्ला का झाला, हे एकदा वाचा. म्हणजे या प्रकाराची धार कळेल.

१४. मुलांनी केलेलं म्हणजे बालनाट्य की मुलांसाठी केलेलं?

मुलांसाठी. 'अलबत्या गलबत्या'तली चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी केली होती. स्पर्धेत मात्र बालकलाकारांच्या वयाची अट असते, ती अर्जावर बघा.

१५. आमचं नाटक सोलापुरी बोलीत आहे. मग ते ग्रामीण नाटक का?

बोली हा प्रकार नाही. आमच्या एका नाटकाबद्दल परीक्षकांच्या शेऱ्यात 'ग्रामीण बाज छान' असं आलं. नाटक घडत होतं अशोक चौकाजवळच्या यंत्रमाग कारखान्यात, पात्रं मराठी, तेलुगू, कन्नड मिसळून बोलत होती. हे शहरी कामगारांचं नाटक होतं. 'बे' ऐकला की काहींना शेत दिसायला लागतं, त्याला आपण काय करणार?

१६. तोच प्रसंग असेल तर प्रकार बदलल्याने खरंच काही बदलतं का?

सगळं बदलतं. हा खेळ आम्ही शिबिरात नेहमी घेतो. प्रसंग असा. रात्रपाळी संपवून यंत्रमाग कामगार पहाटे घरी आलाय. खिशातलं पगाराचं पाकीट गेलंय. आता दार वाजवायचं आहे.

वास्तववादी नाटकात तो दार वाजवतो, बायको उघडते, तो पाणी मागतो. पाकिटाचा विषय निघतच नाही. ती चहा टाकते, साखरेचा डबा तळाला चमचा लागून वाजतो, आणि तिला कळतं.

फार्समध्ये पाकीट परत करायला आलेला शेजारी आधीच घरात असतो, आणि घाबरून कपाटात लपतो. मेलोड्रामात आत आई खोकत असते आणि मागून घरमालक येतो. शोकांतिकेत पाकीट कुणी मारलं ते त्याला माहीत आहे. सख्ख्या भावाने. आणि कालच त्याने सगळ्या कामगारांसमोर चोराला धरून देण्याची शपथ घेतली आहे. ॲब्सर्डमध्ये तो दार वाजवतो आणि आतून त्याच्याच आवाजात 'कोण?' असं येतं. लोकनाट्यात तो दाराकडे पाठ करतो आणि प्रेक्षकांनाच विचारतो, "मंडळी, तपासा की आपापले खिसे!"

पाच नट, एक दार आणि अर्धा तास एवढ्यात हे करून बघता येतं. यातून जेवढं कळतं तेवढं व्याख्या पाठ करून कळत नाही.

१७. भरताच्या नाट्यशास्त्रातले दहा प्रकार आजच्या नाटकाला लावता येतात?

थोडे. भरताने रूपकाचे, म्हणजे रंगमंचावर करून दाखवायच्या काव्याचे, नाटक, प्रकरण, भाण, प्रहसन, व्यायोग वगैरे दहा प्रकार सांगितले. 'नाटका'त प्रसिद्ध कथा आणि राजा-ऋषींसारखा नायक, म्हणून 'शाकुंतल' नाटक. 'प्रकरणा'त कथा कवीची स्वतःची आणि नायक व्यापारी, ब्राह्मण असा, म्हणून 'मृच्छकटिक' प्रकरण. त्या हिशेबाने आज आपण बहुतेक प्रकरणंच करतो आणि म्हणतो मात्र नाटक. भाण एकपात्रीच्या जवळचा (प्रश्न १२). प्रहसन आजही ओळखू येतं. शोकांतिका मात्र या चौकटीत नीट बसत नाही. तिची वेगळी कसोटी प्रश्न ४ मध्ये आहे.

१८. सोलापूरच्या मार्शल लॉवर नाटक लिहितोय. ते ऐतिहासिक, शोकांतिका की आणखी काही?

हा प्रश्न दर जानेवारीत येतो. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटलं, गोळीबार झाला, मार्शल लॉ लागला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिली. विषयाने ते ऐतिहासिकच. पण घाट आणि परिणाम तुम्हाला ठरवायचे आहेत.

शोकांतिका लिहायची तर अडचण आहे. चौघांना नायक केलंत तर त्यांची चूक काय दाखवणार? चूक नसलेला नायक आणि बाहेरून आलेलं क्रूर सरकार, म्हणजे प्रश्न ५ मधला मेलोड्रामा. तो करा, लोक उठून टाळ्या वाजवतील. शोकांतिका हवीच असेल तर मध्ये एखादा कल्पित माणूस आणा. गिरणीतला, घरात लहान मुलं, साक्ष द्यायला दबाव आलेला, आणि चौघांपैकी एकाला ओळखणारा. त्याचा पेच खरा शोकांतिकेचा आहे. खटल्याची कागदपत्रं हाताशी असतील तर दस्तऐवजी नाटक होऊ शकतं, ज्यात संवाद नोंदींतूनच घेतात. आणि शाहिरी बाजाने करायचं तर पोवाड्याइतकी सोयीची चौकट दुसरी नाही.

प्रयोग हुतात्मा स्मृती मंदिरात ठेवणार असाल तर तारखा आणि नावं दोनदा तपासा. मागे एका संहितेत आडनावांची अदलाबदल झाली होती. ती चूक तालमीतल्या कुणाच्याच लक्षात आली नाही. चहा घेऊन आलेल्या काकांनी दाखवली.